मोत्यांचा सर

पोटावर गार जेली, लघवी घट्ट दाबून धरलेली, आणि करड्या पडद्यावर अंडाशयाच्या कडेकडेने लागलेले बारीक काळे ठिपके. सोनोग्राफीवाले या रांगेला मोत्यांचा सर म्हणतात. रिपोर्टात त्याचं ‘बायलॅटरल पॉलिसिस्टिक ओव्हरीज’ होतं आणि रिपोर्ट घरी पोचेपर्यंत ‘दोन्हीकडे गाठी आहेत’ होतं. गाठ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: काढायला लागतील का?

काढण्यासारखं तिथे काही नसतं. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे २ ते ९ मिलिमीटरची, मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या मापाची, पाण्याने भरलेली पिशवी. तिच्यात एक स्त्रीबीज. डॉक्टर तिला फॉलिकल म्हणतात. वयात आलेल्या प्रत्येक मुलीच्या अंडाशयात अशा पिशव्या असतात. दर महिन्याला त्यांतल्या काही वाढायला लागतात, एक पुढे निघते, वीसेक मिलिमीटरची होऊन फुटते, बीज बाहेर पडतं आणि साधारण १४ दिवसांनी पाळी येते. बाकीच्या आपोआप विरून जातात. पीसीओएसमध्ये, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम या आजारात, निघतात पुष्कळ, पण पुढे कुणीच जात नाही. सगळ्या अर्ध्या वाटेवर ताटकळतात आणि पुढच्या महिन्यात आणखी काही येऊन मागे उभ्या राहतात. एसटी स्टँडवर गाडीच लागली नाही की फलाटावर माणसं साठतात, तसं. त्या गर्दीचा फोटो काढला तरी गाडी का आली नाही ते फोटोत दिसत नाही.

घोळ नावापासूनच आहे: पॉलिसिस्टिक म्हणजे पुष्कळ गाठींचं. १७२१ साली इटलीतल्या अंतोनियो व्हालिस्नेरी या वैद्याने एका तरुण, जराशा स्थूल, मूल न झालेल्या शेतकरी बाईची अंडाशयं पांढरट, चकचकीत, उंचसखल, कबुतराच्या अंड्यांसारखी असल्याचं लिहून ठेवलं. १९३५ मध्ये शिकागोच्या अर्विंग स्टाईन आणि मायकेल लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांवर निबंध लिहिला. पाळी थांबलेली, अंडाशयं वाढलेली. दोघांनी अंडाशयाची पाचर कापून काढली आणि पाळ्या परत सुरू झाल्या. रक्तातले हार्मोन नीट मोजायची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे पोट उघडल्यावर डोळ्यांना जे दिसलं त्याचंच नाव आजाराला पडलं. इन्सुलिनशी असलेला संबंध समोर यायला १९८० उजाडलं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या समितीने हे नाव दिशाभूल करतं, बदला, असं सांगितलं. तोवर ते शाळकरी मुलींच्याही तोंडी बसलं होतं.

आपल्याकडे त्यात ‘पीसीओडी’ची भर. पीसीओडी सौम्य, पीसीओएस गंभीर. पीसीओडी बरा होतो, पीसीओएस नाही. अशी मांडणी मोबाइलवर रोज फिरते. जगभरच्या तज्ज्ञांच्या निदानाच्या नियमांत अशी दोन खाती नाहीत. एकाच आजाराची ही जुनी-नवी नावं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळीच्या वयातल्या ६ ते १३ टक्के बायकांना तो असतो, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नसतो.

गाडी का लागत नाही ते जरा उलगडून बघू. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती अंडाशयाला दोन निरोप धाडते: एफएसएच पिशवी वाढवायचं काम करतं, एलएच तिच्या भोवतीच्या पेशींकडून अँड्रोजेन करवून घेतं. अँड्रोजेन, म्हणजे ज्याला आपण पुरुषी हार्मोन म्हणून मोकळे होतो, प्रत्येक बाईच्या शरीरात असतंच. त्यातूनच पुढे इस्ट्रोजेन तयार होतं. पीसीओएसमध्ये एलएचचे ठोके जलद पडतात, एफएसएच त्यामानाने कमी पडतं. कच्चा माल भरपूर आणि पुढची प्रक्रिया तुंबलेली. त्यावर इन्सुलिन येतं. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते जास्त सोडतं. अंडाशय मात्र इन्सुलिनचं ऐकत राहतं आणि आणखी अँड्रोजेन बनवतं. शिवाय जास्तीच्या इन्सुलिनमुळे यकृत एसएचबीजी हे प्रथिन कमी करतं. हे प्रथिन रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य अँड्रोजेन, धरून ठेवतं. ते घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि हनुवटीवर राठ केस, जबड्याच्या रेषेवर पुरळ, भांगाशी विरळ होत जाणारे केस ही लक्षणं दिसू लागतात. एकूण टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आणि लक्षणं मात्र ढळढळीत, असं रिपोर्टात दिसतं ते बऱ्याचदा यामुळेच.

इन्सुलिनची खूण सोनोग्राफीच्या कितीतरी आधी मानेवर उमटते. मानेच्या मागे, काखेत, कधी बोटांच्या सांध्यांवर मखमलीसारखा जाड काळपट पट्टा. घरात त्याला मळ समजतात. आई दगडाने घासते, लिंबू चोळते, दिवाळीत उटणं दोनदा लावते. कातडी सोलवटते आणि पट्टा तिथेच. त्याच भागात बारीक लोंबते मस दिसले तर साखर तपासायला हवी. तो काळेपणा कमी होतो तो रक्तातलं इन्सुलिन उतरल्यावर, आणि तेही काही महिन्यांनी.

निदानाचा नियम २००३ साली रॉटरडॅमच्या बैठकीत ठरला. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी त्यात थोडी दुरुस्ती केली. तीन गोष्टींपैकी दोन हव्यात: अनियमित पाळी, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तात तसा पुरावा, आणि सोनोग्राफीत तसं अंडाशय किंवा त्याऐवजी रक्तातलं वाढलेलं एएमएच, म्हणजे या बारीक पिशव्यांतून येणारं हार्मोन. शिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) आणि मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथीचे आजार नाहीत हे पाहिलेलं हवं. पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट असतील तर सोनोग्राफीची गरजच नाही. आणि पाळी दर महिन्याला वेळेवर, अंगावर केस नाहीत, अँड्रोजेन नॉर्मल, पण पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत ‘पॉलिसिस्टिक’ लिहून आलं, तर त्या बाईला पीसीओएस नाही. विशीतल्या कितीतरी निरोगी मुलींची अंडाशयं तशी दिसतात. तेवढ्यावर गोळ्या सुरू झालेल्या मुली खूप आहेत, आणि याचा राग यायला हवा.

रिपोर्ट हातात असेल तर एक हिशेब करून बघता येतो. प्रत्येक अंडाशयापुढे तीन मापं असतात. समजा ३८ × २४ × २२ मिलिमीटर. त्यांचे सेंटिमीटर करा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला ०.५२३ ने गुणा. ३.८ × २.४ × २.२ म्हणजे २०.०६, त्याचे झाले सुमारे १०.५ मिलिलिटर. एका बाजूला १० मिलिलिटर किंवा जास्त असेल तर अंडाशय मोठं. ठिपक्यांची मर्यादा आधी एका अंडाशयात १२ होती. यंत्रं सुधारली, बारीक ठिपकेही दिसायला लागले, आणि आता योनीमार्गातून केलेल्या चांगल्या सोनोग्राफीत ती २० आहे. १२ च्या जुन्या मापाने आजही शिक्के बसतात. त्याच वेळी १५-२० मिलिमीटरची एखादी मोठी पिशवी दिसत असेल, तर आकारमान तिच्यामुळे वाढलेलं असू शकतं. तेव्हा ते धरायचं नाही.

शाळकरी मुलींची गोष्ट वेगळी. पाळी सुरू झाल्यापासून ८ वर्षांपर्यंत सोनोग्राफी आणि एएमएच निदानासाठी वापरू नये, असं सूचनांत स्पष्ट आहे, कारण त्या वयात अंडाशयात पिशव्यांची गर्दी असणं हेच नैसर्गिक. बाराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीला विसाव्यापर्यंत निदान करायचं तर अनियमित पाळी आणि अँड्रोजेनची लक्षणं ही दोन्ही हवीत. पहिल्या वर्षी पाळी कशीही येऊ द्या. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ ते ४५ दिवस चालतात. तीन वर्षांनंतर मात्र २१ पेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा जास्त दिवस, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या म्हणजे अनियमित. पहिलं वर्ष सरल्यावर एखादी खेप ९० दिवसांपलीकडे गेली, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आलेली नाही, तर वाट बघत बसू नये. अनियमित पाळी आणि अँड्रोजेनची लक्षणं यांपैकी एकच गोष्ट असेल तर ‘धोका आहे’ एवढंच म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायचं.

दिवस मोजायची पद्धत बऱ्याच जणींची चुकते. मोजायचं ते रक्तस्राव नीट सुरू झालेल्या पहिल्या दिवसापासून पुढच्या खेपेच्या पहिल्या दिवसापर्यंत. पाळी संपली त्या दिवसापासून नव्हे. आणि आधी दोन दिवस नुसता डाग दिसला तर तो पहिला दिवस नव्हे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्याशेजारी केलेली छोटी फुली या आजारात कुठल्याही ‘पीसीओडी प्रोफाइल’ पॅकेजहून जास्त सांगून जाते. मोबाइलमधली अॅपं पुढची तारीख सांगतात ती सरासरीवर. अनियमित पाळीत ती तारीख काहीच कामाची नाही. मागच्या तारखा तेवढ्या त्यात साठवाव्या.

त्या पॅकेजमध्ये पंधरा-वीस तपासण्या असतात. लागतात थोड्या: टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी, थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, आणि अॅड्रिनलचा आजार नाही ना ते बघायला सकाळी लवकर घेतलेलं १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. एलएच आणि एफएसएचचं गुणोत्तर निदानातून केव्हाच बाद झालंय. उपाशीपोटीचं इन्सुलिन मोजून हाती फारसं लागत नाही. लॅबगणिक आकडे बदलतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर अँड्रोजेनचे आकडे दबलेले येतात. गोळ्या थांबवून ३ महिने गेल्यावर तपासणी करावी, मधल्या काळात गर्भनिरोधाची दुसरी सोय बघून. आणि एक गोष्ट कुणीच विचारत नाही: केस गळतात म्हणून बायोटिन चालू आहे का? पुष्कळ लॅबची यंत्रं बायोटिनवर आधारलेल्या पद्धतीने मोजतात. ५-१० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेणाऱ्या मुलीचं टेस्टोस्टेरॉन त्यात खोटं वाढलेलं आणि टीएसएच खोटं उतरलेलं दिसू शकतं. रक्त देण्याआधी निदान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा, आणि गोळीच्या पाकिटाचा फोटो डॉक्टरांना दाखवा.

खरी महत्त्वाची तपासणी साखरेची, आणि नेमकी तीच अर्धवट होते. सूचनांप्रमाणे ती ७५ ग्रॅम ग्लुकोजची जीटीटी (ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट) हवी. तीन दिवस रोजचं जेवण जेवून, रात्रभर ८ ते १४ तास उपाशी राहून आधी एकदा रक्त द्यायचं. मग २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज ढवळून ५ मिनिटांत संपवायचं. पावडर मोनोहायड्रेट, म्हणजे पाण्याचा अंश असलेली, असेल तर ती ८२.५ ग्रॅम लागते. पहिल्या घोटापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या वेळात बसून राहायचं. खाली जाऊन भाजी आणायची नाही. उलटी झाली तर तपासणी रद्द. दोन तासांचा आकडा १४० च्या खाली हवा. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० आणि वर म्हणजे मधुमेह. घरून जेवून येऊन दिलेली ‘पीपी’ याला पर्याय नाही: कुणी दोन पोळ्या खाऊन येतं, कुणी वाटीभर वरणभात. तीन महिन्यांची साखर, एचबीएवनसी, सोपी खरी, पण लोह कमी असलेल्या अॅनिमियात ती उगाच वाढलेली येऊ शकते, आणि आपल्याकडच्या बायकांत लोहाची कमतरता किती, ते वेगळं सांगायला नको. एकदा नॉर्मल आली म्हणून विसरायचं नाही. दर एक ते तीन वर्षांनी परत.

‘पण मी तर बारीक आहे.’ हे वाक्य नेहमीचं. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला: पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखं म्हणत होता, शरीरं वेगळी होती. आपल्या माणसांत स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त, हे पुण्यातल्या अभ्यासांनी दाखवून दिलंय. म्हणून भारतीय बाईसाठी बीएमआयची रेषा २५ ऐवजी २३ वर ओढतात, आणि कंबरेचा घेर ८० सेंटिमीटर झाला की सावध व्हायचं. घेर मोजायचा तो शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. परकराची नाडी बसते तिथे नव्हे.

एक उलटा प्रकारही आहे. बारीक मुलगी, कमी खाणारी, रोज पळणारी, परीक्षेच्या ताणात असलेली. पाळी थांबली, सोनोग्राफीत ठिपके दिसले, शिक्का बसला, आणि सल्ला मिळाला ‘गोड बंद, भात बंद, व्यायाम वाढवा’. तिची पाळी बहुधा उपासमारीने थांबलेली असते. अंगावर केस नाहीत, एलएच कमी, गर्भाशयाचं अस्तर पातळ. तिला जास्त खायची आणि पळणं कमी करायची गरज असते. दोन्हींत गल्लत झाली तर हाडांचं नुकसान होतं.

आता गोळ्या. ‘पाळी आणायची गोळी’ आणि ‘२१ दिवसांचं पाकीट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींमागचं कारण फार कमी बायकांना सांगितलेलं असतं. बीज फुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराला आवर घालणारं हार्मोन, तयार होत नाही. इस्ट्रोजेन एकटंच महिनोन्महिने अस्तर वाढवत बसतं. मग एक तर तीन-चार महिने काहीच नाही आणि नंतर पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जात राहणं, गुठळ्या, हिमोग्लोबिन ७ वर; किंवा वर्षानुवर्षांनी त्या जाड अस्तरात विकृत पेशी. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका पीसीओएसमध्ये वाढतो. तरुण वयात तो मुळात कमीच असतो, पण टाळण्याजोगा आहे. म्हणून ९० दिवसांच्या वर पाळीशिवाय राहू द्यायचं नाही. पाळी आणायची असेल तर आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, मग प्रोजेस्टेरॉनची गोळी, उदाहरणार्थ मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम, ५ ते १० दिवस. गोळी संपल्यावर साधारण आठवड्याभरात पाळी येते. दोन आठवड्यांतही आली नाही तर डॉक्टरांना परत भेटायचं. आपणहून दुसरा कोर्स सुरू करायचा नाही.

पाकिटातल्या गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही असतात. त्या अस्तर सांभाळतात, एलएच दाबतात आणि एसएचबीजी वाढवतात, म्हणून पुरळ आणि केसांवरही चालतात. २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनची गोळी पुरते. ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन आणि सायप्रोटेरॉन (अँड्रोजेनला अडवणारं औषध) यांचं पाकीट आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जातं, पण रक्ताच्या गुठळीचा धोका लक्षात घेऊन सूचना ती पहिली निवड म्हणून देत नाहीत. घेणाऱ्या बाईने डॉक्टरांना न लाजता सांगायच्या गोष्टी: बीपी, विडी-सिगारेट-मिश्री, घरात कुणाच्या पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, आणि अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे येणाऱ्या झगझगीत नागमोडी रेषा. या रेषा येत असतील तर इस्ट्रोजेनची गोळी बाद. गोळी चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर रात्र काढू नये.

तीन महिन्यांनी पाकीट बंद झालं की पाळी पुन्हा लांबते, आणि मग ‘गोळ्यांची सवय लागली’ असं ऐकू येतं. सवय कसलीच लागत नाही. गोळी असेपर्यंत अस्तराचा हिशेब गोळी चालवत होती, आता अंडाशय पुन्हा आपल्या मूळ पदावर आलं. दर २८ दिवसांनी येत होती ती गोळ्यांच्या मधल्या खंडामुळे. बीज तेव्हाही फुटत नव्हतं. हे आधीच सांगितलं असतं तर पोरगी आणि तिची आई दोघींचा भ्रमनिरास टळला असता. तसंच गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी. ती अपेक्षित तारखेच्या ३ दिवस आधी सुरू करायची असते. जिची तारीखच ठाऊक नाही तिने मोजायचं कुठून? गौरी आत येण्याच्या आठवड्यात मेडिकलच्या दुकानातून मैत्रिणीच्या हिशेबाने ही गोळी, नॉरएथिस्टेरॉन, आणून घेणाऱ्या पीसीओएसवाल्या मुली पुढचे दोन महिने डाग-डाग करत बसतात.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी साखर आणि चयापचयासाठी. ५०० मिलिग्रॅम रात्रीच्या जेवणासोबत सुरू करायचं, दर एक-दोन आठवड्यांनी ५०० ने वाढवायचं. पहिल्या दिवसापासून १००० मिलिग्रॅम उपाशीपोटी घेतली की ढाळ लागतात आणि गोळी आठवड्यात कचऱ्यात जाते. हळू विरघळणारा प्रकार पोटाला सोसतो. ती वर्षानुवर्षं चालली तर शरीरातलं बी-१२ घटतं. शाकाहारी घरात ते आधीच काठावर असतं, म्हणून मुंग्या येणं, जिभेला भेगा याकडे लक्ष ठेवून तपासून घ्यावं. पाळीसाठी आणि केसांसाठी मेटफॉर्मिनकडून फार अपेक्षा ठेवू नये. इनोसिटॉल या पूरकाची पाकिटं महाग आहेत, नुकसान फारसं नाही, पुरावाही तेवढाच बेताचा. आणि जवस-भोपळ्याच्या बिया पंधरवड्याच्या हिशेबाने खाऊन पाळी येते म्हणतात, त्या चटणीत चांगल्या लागतात.

केसांच्या बाबतीत घाई हा मोठा शत्रू. केस वाढतो, थांबतो, गळतो, या फेऱ्याला महिने लागतात. म्हणून गोळी असो की अँड्रोजेनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन, सहा महिन्यांच्या आत निकाल मागायचा नाही. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना गर्भ राहता कामा नये; गर्भ मुलाचा असेल तर त्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. थ्रेडिंगने किंवा वस्तऱ्याने केस जाड होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं. लेझर काळ्या राठ केसांवर चालतं, लवेवर नाही; गालांवरच्या बारीक लवेवर ते केल्याने उलट केस वाढल्याचीही उदाहरणं आहेत. आणि आवाज घोगरा होणं, टक्कल पडणं, केस झपाट्याने वाढणं हे सगळं दोन-चार महिन्यांत घडलं, तर तो पीसीओएस नसून अंडाशयाची किंवा अॅड्रिनलची अँड्रोजेन करणारी खरीखुरी गाठ असू शकते. पीसीओएस सावकाश चालतो.

खाण्याबद्दल सगळ्यांत जास्त बोललं जातं आणि सगळ्यांत कमी मोजलं जातं. अमुक एक आहार पीसीओएसला चांगला, असं कुठल्याही अभ्यासाने ठरवून दिलेलं नाही. ग्लुटेन बंद, दूध बंद, भात बंद, यांतलं काहीच सक्तीचं नाही. ज्वारी-नाचणीची भाकरी चांगलीच, पण तीन भाकऱ्या आणि चमचाभर पिठलं हे जेवण पिठाचंच. ६० किलोच्या बाईला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या-भाजी आणि पातळ वरण, संध्याकाळी चहा-खारी, रात्री भात-आमटी यांतून जेमतेम तीस भरतात. त्यात ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ घातली की ९ ग्रॅम, दोन अंडी १२, मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे ७, वाटीभर दही ५. पोळी तोडून वजन उतरवण्यापेक्षा ताटात उसळीची जागा वाढवणं टिकतं. चहाचाही हिशेब करा: चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास. आणि उपवास! चतुर्थी, एकादशी, नवरात्र. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर तूप, बटाटा, वर रताळ्याचा गोड कीस. उपवास सोडायला कुणी सांगत नाही. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, ताक यांवरही तो होतोच की.

वजन जास्त असेल तर ५ टक्के उतरलं तरी फरक दिसतो. ६८ किलोच्या बाईला हे साडेतीन किलोसुद्धा नाहीत. ‘वीस किलो कमी करून या, मग बघू’ हे सांगणं अवैद्यकीय आणि अपमानकारक, दोन्ही. पीसीओएसमध्ये नैराश्य, चिंता, खाण्याचे विकार जास्त आढळतात. वजनावरून टोमणे मारून ते वाढतात. झोपेत घोरणं आणि दिवसा पेंग हेही विचारून घ्यावं. व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालण्याचा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस, सलग नव्हे, स्नायूंना भार देणारा: खुर्चीतून उठणं-बसणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, भिंतीला टेकून जोर. साखर शोषून घेणारं सगळ्यांत मोठं गोदाम मांडीचे स्नायू आहेत. वजन एक ग्रॅमही न उतरता इन्सुलिनची हाक त्यांना नीट ऐकू यायला लागते, म्हणून बारीक मुलींनाही हा व्यायाम लागतो.

‘लग्न झालं की सगळं नीट होईल.’ होत नाही. ‘हिला मूल होणार नाही,’ म्हणून स्थळाला कळू नये यासाठी फाइल कपाटात दडवतात, तेही खोटं. बहुतेक जणींना मूल होतं, काहींना थोडी मदत लागते, आणि कधी बीज फुटेल याचा नेम नसल्यामुळे नको असेल तेव्हा गर्भनिरोध लागतोच. बीज कधी फुटेल ते घरी बघायच्या ओव्ह्युलेशन किटवर मात्र भरवसा ठेवू नये. ते लघवीतलं एलएच बघतं, आणि एलएच आधीच वर असल्याने ते रोजच दोन रेषा दाखवू शकतं. बीज फुटावं म्हणून द्यायचं मुख्य औषध लेट्रोझोल, मुळात स्तनाच्या कर्करोगासाठीचं. भारतात ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी आली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ७५० बायकांवरच्या चाचणीत लेट्रोझोल घेतलेल्या २७.५ टक्के आणि क्लोमिफीन हे जुनं औषध घेतलेल्या १९.१ टक्के बायकांना मूल झालं. २०१७ मध्ये आपल्याकडची बंदी उठली. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज २.५ मिलिग्रॅम, पाच दिवस. दहाव्या-बाराव्या दिवसापासून सोनोग्राफीत पिशवीवर नजर, ती १८ मिलिमीटरच्या पुढे जाते का. नाही गेली तर पुढच्या खेपेला ५, मग ७.५. तीन-चार पिशव्या एकदम वाढल्या तर जुळं-तिळं होण्याचा धोका, म्हणून सोनोग्राफीशिवाय हे औषध घेऊ नये. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी नवऱ्याची वीर्यतपासणी. सगळ्यांत स्वस्त, न टोचता होणारी ही तपासणी सगळ्यांत शेवटी होते, तोवर बायकोचे दोन वर्षांचे रिपोर्ट जमलेले असतात.

दिवस राहिल्यावर नाव नोंदवतानाच पीसीओएस आहे हे सांगायचं. जीटीटी आधी झालेली नसेल तर पहिल्याच तपासणीच्या वेळी आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत, बीपी दर खेपेला. चाळिशीकडे पाळी बऱ्याचदा आपोआप नियमित व्हायला लागते आणि बाई फाइल टाकून देते. मधुमेह, चरबी आणि बीपीची टांगती तलवार तेव्हाही असतेच, पाळी गेल्यानंतरही. सख्ख्या बहिणीला आणि मुलीलाही विचारून ठेवावं, हा आजार घरात चालतो.

डिसेंबर संपला की जुनं कालनिर्णय खाली उतरतं. त्याची पानं पुस्तकांच्या कव्हरला, डब्यांच्या खाली, नाहीतर रद्दीत जातात, आणि वर्षभराच्या फुल्याही त्यांच्याबरोबर जातात. ती बारा पानं उलटून तारखा एका ओळीत वहीत उतरवायला पाच मिनिटं लागतात: किती पाळ्या आल्या, सगळ्यांत लांब खेप किती दिवसांची, शेवटची जीटीटी कधी, कंबर किती. आठपेक्षा कमी भरल्या तर वही घेऊन डॉक्टरकडे. सोनोग्राफीचा फोटो घरी राहिला तरी चालेल.